क्लिफर्ड सन्टरचा कोनाडा

क्लिफर्ड सन्टरला मी खोटारडा म्हणणार नाही. मेंढ्यांच्या बाजारात तो कधी खोटं बोलला नाही, आणि आमच्या यॉर्कशरच्या डोंगरांत ही लहान गोष्ट नव्हे. तो फक्त एका भिंतीबद्दल खोटं बोलला. पण इतकं झकास बोलला की सरकारने ते छापून ठेवलं.

मी एल्विन हार्कर, धंद्याने गवंडी. गार्सगिलच्या खोऱ्यात रोज कुणाची ना कुणाची भिंत ढासळत असते, त्यामुळे सगळ्यांच्या घरात माझी ये-जा. कुणाकडे काय चाललंय ते मला दिसतं आणि मी ते बोलत नाही. ‘ऐकावं सगळं, बघावं सगळं, बोलू नये काही’ हे आमच्याकडे पाळण्यातच शिकवतात. या शहाणपणापायी एका बाईला आपलं घर सोडावं लागलं, म्हणून आता बोलतो आहे. उशिरा बोलतो आहे, हेही मान्य.

क्लिफर्डचं घर म्हणजे हाय थ्रँग. वाऱ्याकडे पाठ आणि उन्हाकडे तोंड करून उतारावर बसलेलं. दारावरच्या चिऱ्यात १६६१ कोरलंय आणि ते खरं आहे, एवढं मी थापीवर हात ठेवून सांगतो. भिंती तीन फूट जाड. आतल्या अंगाने एक दगडी भिंत, बाहेरून दुसरी, मध्ये ठासलेला मुरूम आणि दोन्हींना धरून ठेवणारे आरपार लांब दगड. छपरालाही दगडाच्याच पाट्या, वळचणीला दाराएवढ्या आणि वर जाता जाता पुस्तकाएवढ्या. एकाच छपराखाली अर्ध्या भागात माणसं, अर्ध्या भागात गुरं. खिडक्यांना दगडी उभे दांडे, त्यांतून उजेड आत येतो तो परवानगी मागत. ज्याने हे बांधलं त्याला अक्कल होती. फक्त म्हाताऱ्या माणसाच्या गुडघ्यांचा त्याने विचार केला नव्हता. मागच्या बाजूला चौदा पायऱ्यांचा गोल दगडी जिना आहे, पायऱ्या मधोमध झिजून बशीसारख्या झालेल्या. न्हाणीघर आणि संडास या जिन्याच्या वर, कारण क्लिफर्डच्या लग्नाच्या वेळी पाण्याची टाकी वर बसवली आणि बाकी सगळं तिच्या मागोमाग गेलं.

उत्तरेला दुधाची खोली. लोणी आणि चीज ठेवायला तिथे दगडी ओटे आहेत. जुलैतही तिथे दात वाजतात. तिचं दार मागच्या अंगणात उघडतं. ही खोली आणि बैठक यांच्यामधल्या भिंतीत, बैठकीच्या बाजूने, माणसाच्या उंचीचा एक कोनाडा आहे. सगळं रामायण या कोनाड्यावरून झालं.

भिंत १९५८ सालची. क्लिफर्डच्या बापाने, जोसेफ सन्टरने, आणि मी मिळून बांधली. डुकरांचं खुराडं पाडून त्याचे दगड घेतले. मधल्या भागाला दगड कमी पडले, म्हणून तिथे भिंत अर्ध्याच जाडीची केली. कोनाडा झाला तो असा.

पुढे १९८४ साली जुन्या घरांची सरकारी यादी करणारा माणूस खोऱ्यात आला. पाऊस होता, त्यामुळे बहुतेक घरं त्याने मोटारीत बसूनच ऐतिहासिक ठरवली. हाय थ्रँगला मात्र क्लिफर्डने त्याला आत घेतलं. क्लिफर्डची बायको नोरीन हिने फ्रूट केक कापला, शेजारी चीजची कापटी ठेवली. मी त्या दिवशी शेगडीपाशी बसून धुराड्याचा तळ दुरुस्त करत होतो.

“आणि हा कोनाडा कशासाठी?” यादीवाल्याने विचारलं.

क्लिफर्डला तोवर आयुष्यात कुणी मेंढ्या सोडून दुसरं काही विचारलं नव्हतं. त्याने चहाचा लांब घोट घेतला.

“तो होय,” तो म्हणाला. “तिथे आयझॅक विन लपला होता म्हणे. क्वेकर पंथाचा होता. चर्चला जात नाही म्हणून राजाचे शिपाई मागे लागलेले. तीन दिवस उभा होता बिचारा. आमची जुनी माणसं सांगायची.”

सन्टरांच्या जुन्या माणसांनी डुकरांच्या आजाराखेरीज काही सांगितल्याचं मला आठवत नाही. शिवाय कोनाडा सताड उघडा. तिथे लपलेला माणूस आंधळ्या शिपायालासुद्धा सापडला असता. पण यादीवाला शिकलेला पडला.

“पुढे लाकडी फळी असणार,” तो म्हणाला.

“असणारच,” क्लिफर्ड म्हणाला.

“किडीने गेली असेल.”

“किडीनेच गेली.”

अशी दोघांनी मिळून फळी बसवली आणि मिळून काढूनही टाकली. नोरीनने माझ्याकडे बघितलं, मी नोरीनकडे बघितलं. मग तिने किटलीत पाणी भरलं आणि मी पुन्हा धुराड्यात डोकं घातलं.

वर्षभराने यादी छापून आली. ‘बैठकीच्या उत्तर भिंतीत माणूस मावेल असा कोनाडा; स्थानिक परंपरेनुसार सतराव्या शतकात छळ झालेल्या क्वेकरांचे लपण्याचे ठिकाण.’ स्थानिक परंपरा म्हणजे क्लिफर्ड, आणि तिचा उगम चहाच्या दुसऱ्या कपातला. क्लिफर्डने ते पान चौकटीत घालून कोनाड्याशेजारी टांगलं.

आणि मग त्याला इतिहास चढला. आस्कबरो गावच्या इतिहास मंडळाने त्याला भाषणाला बोलावलं. उन्हाळ्यात शनिवारी माणसं कोनाडा बघायला येऊ लागली. दर वर्षी आयझॅक विनच्या हालात भर पडे. पहिल्या वर्षी तो नुसता उभा होता. तिसऱ्या वर्षी त्याला ताप आला. सहाव्या वर्षी शेतकऱ्याच्या मुलीने त्याला लपवून ताक नेऊन दिलं आणि तिचा त्याच्यावर जीव जडला. नोरीन केक कापायची आणि ऐकायची. एकदा ती मला म्हणाली, “पुढच्या उन्हाळ्यात त्या दोघांचं लग्न लागणार बघ. मला भेटवस्तू काय द्यावी सुचत नाही.”

एका शनिवारी मंडळातल्या चष्मेवाल्या निवृत्त मास्तरांनी भिंतीला नाक लावलं. “सन्टर, या दगडांमधल्या दरजांत सिमेंट दिसतं हो?” क्लिफर्ड म्हणाला, “डागडुजी.” आणि मास्तरांची मोटार वळणाआड जाते न जाते तोच मला बोलावणं आलं.

“एल्विन, हे सिमेंट काढ आणि चुना भर.”

“कशाला?”

“शोभत नाही.”

मी तीन दिवस बसून दरजा दोन-दोन बोटं कोरल्या, चुना भरला आणि तो जुना दिसावा म्हणून त्यात काजळी आणि गार चहा कालवला. मजुरी म्हणून मेंढीची एक तंगडी घेतली. काम उत्तम झालं. इतकं उत्तम काम मी कुणाच्या खऱ्या भिंतीचंही केलं नसेल. त्याची मला आजही शरम वाटते, आणि खरं सांगायचं तर थोडा अभिमानही वाटतो.

२००३च्या फेब्रुवारीत नोरीन जिन्याच्या नवव्या पायरीवरून घसरली. खुबा मोडला. इस्पितळातून आली ती काठी घेऊन. डॉक्टरने सांगितलं, जिना बंद. झोपायची सोय बैठकीत झाली. राहिला संडास आणि अंघोळ. दुधाची खोली रिकामीच होती, पाण्याचा नळ शेजारी होता. अंगणातून वळसा घालून पावसापाण्यात काठीवर जाणं तिला जमणार नव्हतं, पण मध्ये दार पाडलं की झालं. आणि दार पाडायची जागा एकच, कोनाडा, कारण भिंत तिथेच पातळ. मी म्हणालो, चार दिवसांचं काम.

पण घर यादीत. खिळा ठोकायचा तरी अर्ज करावा लागतो, आणि न विचारता भिंत फोडली तर कोर्ट. अर्ज केला. उत्तर आलं: बाकी कुठेही विचार करता येईल, कोनाड्याला हात लावता येणार नाही. बाकी कुठे म्हणजे तीन फूट जाड भिंतींत, १६६१ च्या. त्यांनाही हात लावता येणार नव्हताच.

क्लिफर्डने मग बाकीचे सगळे उद्योग करून पाहिले. जिन्यावर चढणारी विजेची खुर्ची विकणारा माणूस आला, गोल जिना बघून हसत सुटला आणि चहा न घेता गेला. क्लिफर्डने जिन्यातून दोर बांधला. तो नोरीनला मागून ढकलायचा, गाय ट्रकमध्ये चढवतात तसा. मग बैठकीत संडासाला बसायची भोकाची खुर्ची आणली, ऐन कोनाड्यासमोर.

“आयझॅक विन बघतोय गं बाई,” नोरीन म्हणाली. “त्याला तोंड तिकडे कर म्हणावं.”

ती विनोद करायची, पण ती खुर्ची तिने दोनदाच वापरली. स्वच्छ बाई. चाळीस वर्षं त्या घराच्या फरश्या तिने गुडघ्यांवर बसून घासल्या होत्या. ती पुन्हा जिना चढू लागली, बसून, एकेक पायरी, उलटी. मी हे माझ्या डोळ्यांनी पाहिलं आणि माझं डोकं फिरलं. क्लिफर्डला गोठ्यात गाठलं.

“सांगून टाक त्यांना,” मी म्हणालो.

“काय सांगू? वीस वर्षं थापा मारल्या म्हणून?”

“हो. तेच.”

“मी मंडळाचा उपाध्यक्ष आहे, एल्विन.”

“आणि ती तुझी बायको आहे.”

“तिने कधी तक्रार केली का?” असं म्हणून त्याने गवताची पेंढी उचलली, दुसरीकडे ठेवली आणि पुन्हा उचलून होती तिथेच ठेवली.

मी परत निघालो तेव्हा नोरीन दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. “तू का नाही सांगत?” तिने विचारलं.

“घर तुमचं,” मी म्हणालो.

“घर आमचं, थाप त्याची आणि पाय माझा. छान वाटणी केलीत रे तुम्ही दोघांनी.” तिने दार लावून घेतलं.

त्या आठवड्यात नोरीनने स्वतः अपिलाचा कागद भरला आणि जतन खात्याची बाई प्रत्यक्ष पाहायला आली. मिस लाउंड तिचं नाव. तरुण, नम्र, पायात कोरे करकरीत बूट. वाईट नव्हती बिचारी. तिला दगडांवर प्रेम होतं. दगडांना गुडघे नसतात एवढंच तिच्या ध्यानात आलं नव्हतं. नोरीनने मलाही बोलावून घेतलं होतं, का ते सांगितलं नव्हतं.

मिस लाउंड कोनाड्यापुढे उभी राहिली आणि अगदी आदराने म्हणाली, “मिस्टर सन्टर, ती परंपरा तुमच्या तोंडून ऐकायची होती.”

झालं. क्लिफर्डचा चेहराच खुलला. ज्या बाईकडे दार मागायचं, तिच्यासमोर गड्याने आयझॅक विनला उभं केलं. शिपाई आले, कुत्री भुंकली, शेतकऱ्याच्या मुलीने ताकाचा पेला भरला. नोरीन खुर्चीतून उठली.

“जरा वर जाऊन येते,” ती म्हणाली.

“मी येतो,” क्लिफर्ड म्हणाला.

“नको. तुझं चालू दे.”

ती गेली. जिन्याचं दार उघडं राहिलं. काठी एका पायरीवर ठेवल्याचा आवाज, मग अंग ओढल्याचा, मग श्वास. पुन्हा काठी. क्लिफर्ड म्हणत होता, “तर ती मुलगी, रात्रीच्या अंधारात...” पुन्हा काठी. “अंधारात, पेला घेऊन...” नवव्या पायरीवर आवाज थांबला. आम्ही तिघं उभे. काठी पुढे सरकेना.

“तसं काही नाही,” क्लिफर्ड म्हणाला.

“काय नाही?” मिस लाउंडने विचारलं.

“कुणी मुलगी नाही. विन नाही. कुणीच नाही. माझ्या बापाने बांधली ही भिंत. आई छातीच्या दुखण्याने इथे पडून होती, या बैठकीत. इथे नुसत्या फळ्या होत्या आणि त्या खोलीतला गारठा तिच्या अंथरुणापर्यंत यायचा. बापाने डुकरं विकली, खुराडं पाडलं आणि भिंत घातली. दगड पुरले नाहीत. राहिलेल्या जागेत तो तिची औषधं ठेवायचा. दोन हिवाळे जास्त काढले तिने. मी ते कुणाला सांगितलं नाही. ते सांगायला लागलो की मला पुढे बोलता येत नाही. दुसरं काही सांगणं सोपं होतं.”

सत्तेचाळीस वर्षं मी क्लिफर्डला ओळखत होतो. त्याच्या तोंडून आईचा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. वर काठी पुन्हा सुरू झाली, दहावी, अकरावी. मग मीही बोललो, जन्माचा नियम मोडून. “खरं आहे, बाई. सिमेंट मी कालवलं होतं.”

मिस लाउंडने आमच्या दोघांकडे मोठ्या मायेने पाहिलं.

“मी समजू शकते,” ती म्हणाली. “बायकोची अडचण आहे. परवानगी हवी असली की प्रत्येक मालक म्हणतो, हे नवंच आहे, कालपरवाचं आहे.” मग तिने खिशातून छोटा चाकू काढला आणि दरज हलकेच खरवडली. पांढरी पूड तिच्या बोटावर पडली. “हा चुना आहे, मिस्टर हार्कर. जुना, सुंदर चुना.”

“तो मी भरला! वरून! आत सिमेंट आहे!”

“मग आतलं बघावं लागेल.”

“बघा की. एक दगड काढतो, दहा मिनिटं.”

“त्यासाठी भिंत उघडावी लागेल,” ती म्हणाली, “आणि ऐतिहासिक कोनाडा उघडायला परवानगी देता येत नाही.”

तिने हे दुःखाने सांगितलं. महिन्याने पत्र आलं: मालकाच्या नव्या कथनाला पुरावा नाही, दीर्घकालीन स्थानिक परंपरा अधिक विश्वसनीय वाटते. क्लिफर्डची थाप क्लिफर्डपेक्षा विश्वसनीय ठरली.

पत्र वाचलं त्या दिवशी क्लिफर्डने गोठ्यातून घण आणला. नोरीननेच त्याला अडवलं. “ठेव तो. या वयात तुला कोर्टात हिंडवायला माझ्यात ताकद नाही. खरं बोललास, मला पोचलं. वीस वर्षं आधी बोलला असतास तर न्हाणीघरातही पोचले असते.” आणि त्याच शरदात ती दोघं आस्कबरोला एका बैठ्या घरात राहायला गेली. सपाट फरशी, पातळ भिंती, गरम नळ, शेजारच्याची शिंक ऐकू येते. जाताना नोरीनने सगळ्या खिडक्यांच्या दगडी दांड्यांवरून ओलं फडकं फिरवलं. मी मोटारीत सामान भरत होतो. तिला म्हणालो, चुकलं माझं. ती म्हणाली, “हो, चुकलं,” आणि फडकं पिळून टाकलं.

घर घेतलं लंडनच्या एका जोडप्याने, रूपर्ट आणि इमोजेन. पैसेवाले, हसतमुख. त्यांनी एक तज्ज्ञ नेमला. तज्ज्ञाने नळीएवढा कॅमेरा एका दरजेतून आत घातला, चाळीस पानांचा अहवाल लिहिला, रंगीत फोटो जोडले आणि ठरवलं की भिंत विसाव्या शतकातली, हलक्या दर्जाची, ऐतिहासिक मोल शून्य. सहा आठवड्यांत परवानगी. दार पाडायला बोलावलं कुणाला, तर मला. आतलं सिमेंट असं घट्ट की घण परत फिरायचा. हलक्या दर्जाची भिंत फोडायला मला दोन दिवस लागले.

काम झाल्यावर त्यांनी रविवारी दुपारी पन्नासेक लोकांना जेवायला बोलावलं. क्लिफर्ड आणि नोरीनलाही आमंत्रण होतं. दुधाच्या खोलीत आता गरम फरशी, पांढरं भांडं, रुंद दार. नोरीन काठी टेकत गेली, आत राहिली बराच वेळ आणि बाहेर आली.

“कसं आहे?” मी विचारलं.

“ऊबदार आहे,” ती म्हणाली.

तेवढ्यात इमोजेनने चमच्याने ग्लास वाजवला. “सगळे इकडे या! मिस्टर सन्टर आपल्याला या जागेची गोष्ट सांगणार आहेत. ती क्वेकरची! ठाऊक आहे, ती खरी नाही, पण इतकी गोड आहे!”

पन्नास तोंडं वळली. वीस वर्षांत त्याला एवढे श्रोते मिळाले नव्हते. क्लिफर्ड नव्या दाराच्या चौकटीला हात लावून उभा राहिला.

“इथे भिंत होती,” तो म्हणाला. “माझ्या वडिलांनी बांधली होती. जोसेफ सन्टर. आई आजारी होती, तिला गारठा लागू नये म्हणून.”

आणि त्याने चौकटीवरचा हात काढला. लोक आणखी थोडा वेळ थांबले, गोष्ट सुरू व्हायची म्हणून. मग कुणीतरी खोकलं. इमोजेनने शेजारणीच्या कानाशी हळूच म्हटलं, “वय झालंय ना.” आणि एका गृहस्थाने, समजूत घालावी तशा आवाजात, विचारलं, “आणि तो क्वेकर, आजोबा? त्याचं काय झालं?”

“तो आमच्याकडे कधी आलाच नव्हता,” क्लिफर्ड म्हणाला.

नोरीनने त्याचा कोट आणला, एकेक करून त्याचे हात बाह्यांत घातले आणि म्हणाली, “चल, बस चुकेल.”